रणगाड्याचे चार पावसाळे

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच धांदल उडते. जे जे जुने, ते ते नवे दिसले पाहिजे! भिंतींना चुना, दारांना रंग, तांब्यापितळेला चिंच. वर्षभर कोपऱ्यात निवांत नांदणारी जळमटेही या दिवसांत बेघर होतात. अशा वेळी घरातला एखादा मुलगा कोरे करकरीत खेळणे मांडीवर घेऊन त्याला मुद्दाम चिखल माखू लागला, त्याच्यावर गंज चढवू लागला, तर वडीलधाऱ्यांनी काय म्हणावे? "कार्ट्याला वेड लागले" एवढेच!

परंतु वाचकहो, हे वेड एकट्यादुकट्याचे नाही. रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती जुळवायच्या, रंगवायच्या आणि मग त्या नव्या रंगावर ऊन, पाऊस, धूळ, तेल, गंज असे सारे चढवायचे, हा छंद आज जगभर पसरला आहे. इंग्रजीत त्याला 'वेदरिंग' म्हणतात. आपल्याकडे जाणत्या माणसाला 'चार पावसाळे पाहिलेला' म्हणतात. नव्या वस्तूला चार पावसाळे दाखवण्याची ही कला आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला तिचा नाद लागला आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मी मास्तर माणूस इतिहासात शिरलो. त्या शोधात जे हाती आले, ते येथे मांडतो.

प्रथम नावापासून सुरुवात करू. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे वाहन गुपचूप बांधावयास घेतले, तेव्हा कारखान्यातल्या कामगारांनासुद्धा ते काय आहे हे कळू द्यायचे नव्हते. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी वाहून नेण्याच्या टाक्या बनत आहेत, अशी हूल उठवली गेली आणि 'टँक' हे नाव चिकटले ते कायमचे. आता गंमत पाहा. हा 'टँक' शब्द इंग्रजीत आला तो हिंदुस्थानातून, गुजरातीतल्या 'टांकू' आणि आपल्या मराठीतल्या 'टाके' या शब्दांवरून, पोर्तुगीजांच्या तत्सम शब्दाचीही त्याला जोड मिळाली, असे कोशकार मानतात. शिवनेरीवर गंगा-जमुना नावाची पाण्याची टाकी आहेत. ज्या टाक्यांच्या जोरावर आपले गड महिनोन्‌महिने लढले, त्याच टाक्याचे नाव सातासमुद्रांपलीकडे जाऊन लोखंडी गाड्याला मिळाले! मराठीने मात्र ते उसने नाव परत न घेता 'रणगाडा' असा स्वतःचा शब्द घडवला. रणात जाणारा गाडा. शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे चाक येते, आणि चाकाबरोबर चिखल.

चिखलाची गोष्ट पुढे येणारच आहे. त्याआधी रंगाची.

पूर्वीच्या युद्धात शस्त्र दिसावे, डोळ्यांत भरावे, अशी इच्छा असे. हत्तीवर झूल, घोड्यावर साज, निशाणाला भगवा किंवा हिरवा रंग. आमच्या केडगावहून दौंडला जावे आणि तेथून मनमाडच्या वाटेवरच्या गाडीत बसावे, की नगर येते, आताचे अहिल्यानगर. या नगरात १५४९ साली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली गेली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. वजन सुमारे ५५ टन. तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. शत्रूने ती तोफ पाहावी आणि पाहूनच अर्धे मरावे, हा हेतू. लपण्याचा प्रश्नच नव्हता.

बंदुकीचा पल्ला वाढला आणि हे सारे पालटले. जो दिसतो तो मरतो, असा नवा नियम आला. १८४६ साली पेशावरकडे उभारलेल्या गाइड्स पलटणीने मातकट रंगाचे कपडे घातले, तो खाकी रंग पुढे साऱ्या जगाच्या सैन्यांनी उचलला. 'खाक' म्हणजे फारसीत धूळ, माती. धुळीत धुळीसारखे होऊन जावे, तर वाचावे.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या रणभूमीवर रणगाडे प्रथम लढाईत उतरले. त्याच्या दोनच महिने आधी, १४ जुलैला, त्याच रणभूमीवरच्या 'हाय वुड' नावाच्या रानाजवळ आपल्या डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून घोड्यांवरून धावून गेले होते. जुलैत भाला आणि सप्टेंबरात रणगाडा! एका युगाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ एकाच शिवारात, एकाच पावसाळ्यात झाला.

या पहिल्या रणगाड्यांना रंग देण्याचे काम सॉलोमन जे. सॉलोमन या नामांकित इंग्रज चित्रकाराकडे आले. मोठमोठ्यांची चित्रे काढणारा, रॉयल अकॅडमीचा सभासद असलेला हा कलावंत. त्याने गाड्यांवर गुलाबी, हिरव्या, तपकिरी रंगांचे पट्टे मोठ्या कौशल्याने रंगवले. दुरून पाहणाऱ्याला तो जमिनीचाच तुकडा वाटावा, असे. आणि मग ते गाडे रणात गेले. दोन दिवसांत सारा गाडा चिखलाने असा लडबडला की चित्रकाराची कारागिरी खाली गडप झाली. पुढे सैन्याने ती मेहनतच सोडून दिली आणि एकसारखा मातकट रंग फासणे पसंत केले. जे काम नामांकित कलावंताला साधले नाही, ते चिखलाने फुकट करून दिले! आज जगातला जो जो छांदिष्ट आपल्या प्रतिकृतीवर चिखल लावतो, तो सॉलोमनसाहेबाचा नव्हे, त्या चिखलाचा शिष्य असतो.

रणगाडा आणि चिखल यांचे नाते काय असते, हे आम्हा ऊसवाल्यांना वेगळे सांगायला नको. केडगाव, चौफुला, यवत हा सारा मुलूख उसाचा आणि गुऱ्हाळांचा. पाणी दिलेल्या फडात भरली गाडी रुतली की बैलांच्या तोंडाला फेस येतो, पण चाक हलत नाही. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावी हेच झाले. फक्त बैलगाडीच्या जागी पॅटन रणगाडे होते. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले हे गाडे त्या काळी अजिंक्य समजले जात. आपल्या सैन्याने कालव्याचे पाणी शिवारात सोडले आणि उभ्या उसात दबा धरला. पॅटन आले, मऊ जमिनीत मंदावले, रुतले आणि टिपले गेले. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत शंभराच्या आसपास पाकिस्तानी रणगाडे तेथे नष्ट झाले किंवा हाती लागले. जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाड्यांशी झुंजणारे अब्दुल हमीद याच लढाईत १० तारखेला धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. निकामी झालेले पॅटन भिखीविंडजवळ ओळीने आणून उभे केले, तेव्हा त्या जागेला लोकांनी 'पॅटननगर' असे नाव दिले होते. एका अर्थाने त्या युद्धात ऊस आणि पाणी हे दोन शिपाई आपल्या बाजूने लढले.

आमच्या भागाचे रणगाड्याशी आणखी एक नाते आहे, ते मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८१७ च्या जून महिन्यात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर पुण्याचा तह लादला. त्या तहाने पेशव्यांच्या पैशावर एक घोडदळ उभे राहिले; तेच 'पूना हॉर्स'. वर्ष सरायच्या आत युद्ध पेटले. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली आणि १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठच्या कोरेगावी पेशव्यांच्या फौजेशी लढली, त्या तुकडीत हे नवे घोडेस्वार होते. ज्याच्या खजिन्यातून खोगीर आले, त्याच्यावरच तलवार चालली. इतिहासाला असे विनोद सुचतात आणि ते करताना तो हसत नाही.

ज्या पलटणीचे घोडे आमच्या भीमेचे पाणी प्याले, तीच पलटण पुढे घोडे सोडून रणगाड्यांवर बसली. १९६५ साली सियालकोट आघाडीवर फिल्लौरा येथे तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल आर्देशीर बुर्झोरजी तारापोर करीत होते. जखमी होऊनही त्यांनी माघारी जाण्यास नकार दिला आणि १६ सप्टेंबरला ते रणात पडले. त्यांच्या सन्मानपत्रात पलटणीने शत्रूचे ६० रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे फक्त ९ गमावले, असा हिशेब आहे. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ त्याच पलटणीतला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढत होता. जन्म पुण्याचा, वय अवघे २१. त्याच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता'. गाड्याला आग लागली तेव्हा वरिष्ठांनी गाडा सोडण्यास सांगितले. आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून तो तेथेच राहिला आणि तेथेच गेला. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तो फामागुस्ता आज नगरला आहे, चिलखती दलाच्या केंद्रात.

हे चिलखती दलाचे केंद्र १९४८ पासून नगरला आहे. गावाबाहेर निजामशाहीतल्या फराहबागेच्या बाजूला १९९४ साली त्यांनी रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, इंग्रजांचे मटिल्डा, चर्चिल आणि व्हॅलेंटाइन, जपान्यांचे बुटके गाडे, आपला विजयंता, आणि अर्थातच पॅटन असे सारे तेथे झाडाझुडपांत मांडले आहेत. शाळेच्या सहलीबरोबर मी तेथे गेलो तेव्हा मुले गाड्यांपुढे उभी राहून हसत होती, फोटो काढून घेत होती. गाडे स्वच्छ होते. उघड्यावर राहणाऱ्या लोखंडाला रंगाचा हात वारंवार द्यावाच लागतो, नाही तर पावसाळा त्याला खाऊन टाकील. त्या गर्दीत आमचा तो विद्यार्थी एकटाच खाली वाकून चाकांच्या फटींत पाहत होता. "सर, यांच्यावर माती कुठेच नाही," तो म्हणाला.

त्याच्या घरी तेव्हा सेंच्युरियनची प्रतिकृती अर्धी झाली होती. प्रमाण १ : ३५. हे प्रमाण कोठून आले, त्याचीही एक कथा आहे. जपानातल्या शिझुओका गावची तामिया ही मूळची लाकडाची पेढी. १९६१ साली तिने पँथर या जर्मन रणगाड्याचा प्लॅस्टिकचा संच काढला. तो आपोआप चालावा म्हणून पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. बॅटऱ्या मावतील एवढा गाडा केला, मग मोजले, तर तो खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाइतका भरला! त्या दोन बॅटऱ्यांनी जगभरच्या छांदिष्टांना हे प्रमाण घालून दिले.

मी त्या मुलाला वहीवर हिशेब मांडून दाखवला. लांबी ३५ पटींनी घटली, म्हणजे साडेसात मीटरांचा सेंच्युरियन २२ सेंटिमीटरांच्या आत आला. पृष्ठभाग घटला ३५ गुणिले ३५, म्हणजे १,२२५ पटींनी. आणि वजन ४२,८७५ पटींनी. ५१ टनांचा गाडा त्याच धातूचा, त्याच घडणीचा केला तर सव्वा किलोच्याही आत भरेल. आत बसणारे चार शिपाई पाच पाच सेंटिमीटरांचे. मुलाने वहीकडे पाहिले आणि विचारले, "सर, मग धूळ किती पटींनी लहान करायची?"

प्रश्न खुळा नव्हता. या कलेची सारी मेख त्यातच आहे. खरी धूळ प्रतिकृतीवर टाकली तर ती दगडगोट्यांसारखी दिसते, म्हणून ती वस्त्रगाळ करावी लागते. रंगही खऱ्यापेक्षा किंचित फिका घ्यावा लागतो, कारण लहान वस्तू म्हणजे दुरून पाहिलेली मोठी वस्तू, आणि दूरचा डोंगर फिकट दिसतो हे चित्रकलेचा पहिला धडा शिकलेल्यालाही ठाऊक असते. पहिल्या रंगावर गडद तेलरंगाचे अतिपातळ पाणी फिरवायचे. ते खाचाखोचांत उतरते आणि तेथे सावली उभी करते. मग कुंचल्यावरचा रंग जवळजवळ पुसून टाकून कोरडा हात कडांवरून फिरवायचा, कडा उजळतात. स्पंजाच्या तुकड्याने रंगाचे टवके दाखवायचे, टर्पेंटाइनमध्ये कालवलेल्या तांबूस रंगाने गंजाचे ओघळ ओढायचे. बेल्जममधले फ्रान्स्वा व्हर्लिंडेन आणि अमेरिकेतले शेपर्ड पेन यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या रीती लोकप्रिय केल्या.

परदेशी भुकटीच्या बाटल्या महाग असतात. आमच्या शिष्याने त्यांच्या जागी गेरू, काव, काजळी आणि शाळेतल्या खडूची पूड वापरली. पोलाद जेथे घासून चकाकते, तेथे त्याने पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळले. ज्या शिशाने मी त्याच्या वहीत भागाकार तपासतो, त्यानेच रणगाड्याच्या पट्ट्याला झळाळी आली!

गाडा पुरा झाला. अंगभर चिखल, जागोजाग गंज, आणि उजव्या अंगाला एक मोठा काळा डाग, गोळा लागून पेट घेतल्याचा. तो घेऊन आम्ही आमच्या शिवेवर राहणाऱ्या एका निवृत्त दफेदारांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. रणगाड्याचे चालक म्हणून त्यांनी १९७१ ची आघाडी पाहिलेली. त्यांनी चष्मा लावून गाडा हातावर फिरवला आणि पहिल्याच वाक्याला मुलाला गार केले.

"तोफेच्या नळीला गंज? अरे पोरा, एवढा गंज दिसला असता तर आमची पाठ सोलली असती. लढाई थांबली की पहिली गाड्याची अंघोळ, मग आमची, पाणी उरलं तर."

मग ते सावकाश सांगू लागले. चिखल असतो, पण पट्ट्यांत आणि खालच्या अंगाला. वर धूळ असते, पण जेथे रोज पाय पडतो तेथे रंग झिजून पोलाद उघडे पडते, आणि झाकणाची कड हातांनी गुळगुळीत होते. इंधन भरायच्या तोंडाशी तेलाचा ओघळ असतो. मागे बादली लटकते, वळकट्या असतात, चहाची किटली असते. "चार माणसांचं घर असतं ते," ते म्हणाले.

शेवटी त्यांचे बोट त्या काळ्या डागावर आले. तेथे ते बराच वेळ थांबले.

"जळलेला गाडा काळा नसतो राहत. धूर काळा. पण आग विझली की रंग सगळा उडून जातो, राखेसारखा पांढरा दिसतो. चाकांचं रबर जळतं, गाडा खाली बसतो. आणि दोन दिवसांत, दव पडलं की, सगळा तांबडा. विटेसारखा तांबडा."

एवढे बोलून त्यांनी गाडा परत दिला. मुलाने विचारले, "आजोबा, मग तसा रंग देऊ?" दफेदार म्हणाले, "त्या चौघांची नावं ठाऊक असतील तर दे."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. युद्धाचे खेळणे मुलांच्या हाती द्यावे की नाही, हा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. मला वाटते, चकचकीत खेळण्याची भीती अधिक आहे. कोऱ्या रंगाचा रणगाडा हा नुसता रुबाब असतो. त्याच्या आत कोणी बसले आहे असे वाटतच नाही. परंतु झाकणाची झिजलेली कड रंगवायची तर ती झिजवणारा हात मनात आणावा लागतो. ओघळ काढायचा तर इंधन ओतणारा, घाईत सांडणारा शिपाई डोळ्यांपुढे यावा लागतो. लहानाहून लहान डागाला कारण लागते, आणि प्रत्येक कारणाच्या टोकाला एक माणूस उभा असतो. इतिहास शिकवणे म्हणजे तरी दुसरे काय? सनावळी ही कोऱ्या रंगासारखी असते. तिच्यावर माती चढली की मगच ती खरी होते.

संग्रहालयातल्या खऱ्या गाड्यावरची माती पुसणे भाग आहे. तो टिकायला हवा. ती माती आठवून, चाळून, योग्य त्या फटीत परत बसवण्याचे काम मग कोणीतरी करायला हवे. ते बावीस सेंटिमीटरांच्या प्लॅस्टिकवर होत असले तर होवो.

आमच्या विद्यार्थ्याने तो काळा डाग खरवडून काढला. नळीवरचा गंजही काढला. मागच्या बाजूला तांब्याच्या तारेची कडी लावून एक इवलीशी बादली अडकवली आणि कापडाच्या चिंधीच्या चार वळकट्या बांधल्या. तीन का नाहीत, पाच का नाहीत, असे त्याच्या धाकट्या बहिणीने विचारले, तेव्हा त्याने तिला सेंच्युरियनमध्ये कोण कोण बसतो ते सांगितले: चालक, तोफची, गोळा भरणारा आणि त्यांचा नायक. बहिणीने चौघांनाही नावे ठेवली. घरातल्याच काकामामांची.